समतोल हात

समजा, तुमच्या हातात तेरा पत्ते आले आहेत. उलगडून पाहा. इस्पिकचे चार, बाकी तिन्ही रंगांचे तीन-तीन, म्हणजे हात समतोल. त्यांत एक एक्का, तीन राजे, एक राणी, एक गुलाम. ब्रिजमध्ये एक्क्याला चार गुण, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. करा बेरीज. सोळा आली? शाब्बास! आता समोरच्या भिडूला हे सगळं कळवायचं आहे, पण पत्ते न दाखवता. कसं कळवाल?

हाच प्रश्न मार्तंड सरांनी आराधनाला विचारला होता. पोरगी चुकली तर त्यांना वाईट वाटणार होतं. उत्तर बरोबर आलं तर त्याहून वाईट, कारण मग शिकवायचं काय उरलं?

सर संगमनेरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले, पत्नी गेली, मुलगा पुण्याला स्थिरावला. दुपारभर नाशिक-पुणे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत ते खिडकीशी बसत. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, तिथं आता आहे कोण तुमचं?"

"रविवारी माझा ब्रिजचा वर्ग असतो," सर ठसक्यात सांगत. वर्गात विद्यार्थिनी एकच, हे मात्र सांगत नसत.

आराधना अकरा वर्षांची. जूनमध्ये गावात राहायला आलेली. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस दारात उभी राहून म्हणाली होती, "सर, मला ब्रिज शिकवाल?" सरांना वाटलं, थट्टा करतेय. पण ती दर रविवारी येऊ लागली.

मुलगी चुणचुणीत होती. पत्ते हातात पडले की क्षणात रंगवार लागायचे, काळा-लाल, काळा-लाल. मोबाईलवर वाढलेली बोटं, सर मनात म्हणत. बोली करायची वेळ आली की मात्र हमखास गडबड. कधी गुलाम मोजायला विसरे. कधी एका रंगाचं एकच पान असलेल्या हाताला समतोल म्हणून मोकळी होई. एक चूक सुधारावी, तर पुढच्या रविवारी दुसरी तयार.

आज सरांनी मनाशी ठरवलं होतं. आज जमलं नाही, तर पोरीला मोकळं करायचं. आपल्याला सोबत हवी म्हणून लेकराचे रविवार किती खायचे?

"सांग, काय बोलशील?"

"सोळा गुण. हात समतोल," आराधना म्हणाली. "वन नो ट्रम्प. म्हणजे कुठलाच रंग हुकूम नको."

बरोबर! अगदी बरोबर. सरांनी चष्मा काढून पुसला.

"छान. माझी बोली, दोन बदाम. म्हणजे माझा हात हलका आहे, बदाम तेवढे पुष्कळ आहेत, इथंच थांबू. आता तू?"

आराधनानं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "तीन नो ट्रम्प."

सरांचा हात टेबलावरच थांबला.

सहा वर्षांपूर्वी नगरच्या स्पर्धेत, अंतिम फेरीत, त्यांनी स्वतः हेच केलं होतं. असाच देखणा हात, हीच बोली. समोर विल्सन. तीस वर्षांचा भिडू, शाळेतला सहकारी, सुखदुःखाचा सोबती. विल्सननं दोन बदामांवर थांब म्हटलं, आणि सर तीनवर गेले. डाव बुडाला. विल्सननं पत्ते खाली ठेवले. "मार्तंड, तुला भिडू नकोच आहे. एकट्यानं खेळ," असं म्हणून तो उठला, तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही. त्यानं यावं म्हणून सर थांबले. सरांनी बोलवावं म्हणून तो थांबला असेल.

"असं का बोललीस?" सरांनी हळू विचारलं.

"हात भारी होता ना, सर."

"होताच. पण तो तू आधीच सांगितलास. भिडूला तुझा हात कळला, तुला त्याचा कळला का? मग ठरवायचं कुणी?"

"भिडूनं. म्हणजे मी गप्प बसायचं?" तिनं नाक मुरडलं. "शाळेतपण तेच सांगतात."

सरांना हसू आलं, पण ते आवरून त्यांनी पत्ते गोळा केले. "बाळ, तुझं डोकं चांगलं आहे. मलाच शिकवता येईनासं झालंय. पुढच्या रविवारपासून नको येऊस. मैदानावर जा, खेळ."

आराधनाचा चेहरा खर्रकन उतरला.

"नाही हो, सर! एकच रविवार. आत्ता कुठं कळायला लागलंय."

"कळायला लागलंय? तीन नो ट्रम्प म्हणे!"

"पुढच्या वेळी ही चूक नाही करणार. देवाशप्पथ."

सर बराच वेळ पत्ते पिसत राहिले. पिसून झालेलेच पुन्हा पिसले.

"बरं," ते अखेर म्हणाले, "पण वेळेवर ये. मी चिवडा करून ठेवतो."

तिनं मान डोलावली, चपला अडकवल्या आणि धाडधाड जिना उतरली. पायांचा आवाज विरेपर्यंत सर दारात उभे होते. मग आत वळून त्यांनी मुलाला फोन लावला. "नाही रे, इतक्यात नाही जमायचं पुण्याला यायला. पोरगी कच्ची आहे अजून."

खाली आराधनानं दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला आणि ती समोरच्या रसवंतीत शिरली. कोपऱ्यातल्या बाकावर तिच्या आईचे वडील, विल्सन, उसाच्या रसाचे दोन पेले घेऊन बसले होते. तिनं आपला पेला एका दमात संपवला, ओठांवरची रसाची मिशी पुसली आणि म्हणाली, "आजोबा, बोलावलंय. आता पुढच्या रविवारी कुठं चुकायचं, ते सांगा."