आधी पाय

बादलीतलं पुन्हा एक पिल्लू कमी झालं होतं.

माईनं वाकून नीट पाहिलं. सकाळी अंडी उबवायची मशीन उघडली तेव्हा तिनंच ते आपल्या हातानं बादलीत टाकलं होतं. दोन्ही पाय दोन दिशांना फाकलेले, उभं राहायला गेलं की पोटावर आपटणारं. असली पिल्लं ती बाजूला काढायची आणि संध्याकाळी त्यांचा निकाल लावायची. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता. नुकतं निघालेलं पिल्लू हातात आलं की ती ना चोच बघायची ना पिसं. "मी आधी पाय बघते," असं येईल त्याला ऐकवायची. "पाय धड तर पिल्लू धड." माईकडचं पिल्लू लंगडं निघालं, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

बरं, पिल्लाला पाय फुटले म्हणावं, तर पाय धड नाहीत म्हणूनच तर ते बादलीत होतं!

मांजर म्हणावं, तर मांजरानं एकावर भागवलं नसतं. शिवाय मांजराला चिकटपट्टी कशाला लागते? औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी गायब होती. दोरीवरचा जुना खरबरीत टॉवेल गायब होता. आणि हे सगळं कधीपासून, तर सून बाळंत होऊन माहेराहून आली तेव्हापासून.

सून तशी गुणाची. पण या खेपेला कुठंतरी पाणी मुरत होतं. एवढ्या उकाड्यात बाळ गळ्यापर्यंत दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. माई अंघोळ घालते म्हणाली, की "डॉक्टर नको म्हणालेत, माई." मांडीवर घेते म्हणाली, की "आत्ताच डोळा लागलाय तिचा." बाळंतपणाच्या वेळी मशीनमधली अंडी सोडून माईला तिकडे जाता आलं नव्हतं. आता नात घरात आली तरी हाताला लागत नव्हती. लेकाला विचारावं, तर तो "तू पण ना, आई!" म्हणून गाडीला किल्ली लावायचा.

त्या दिवशी पोती उतरवता उतरवता खाद्यवाल्यानं विचारलं, "काय माई, नात कुणावर गेलीय?"

"दिसली की सांगते," माई फणकारली. "सध्या नुसतं गाठोडं आहे."

दुपारी लेक पिल्लं पोचवायला गेला आणि सुनेच्या खोलीचं दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं आतून चिवचिव ऐकू आली. माईच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे चोर घरातच! पिल्लं जमवून माहेरी धाडायचा बेत दिसतोय. लंगडी तर लंगडी, पण माणसानं विचारावं की नाही? तिनं चपला काढल्या, पाऊल न वाजवता गेली आणि दार ढकललं.

सून जमिनीवर बसली होती. समोरच्या खोक्यात तो खरबरीत टॉवेल अंथरलेला, वर बल्ब लावलेला. सकाळचं पिल्लू तिच्या मुठीत होतं. फाकलेले पाय पोटाखाली सरळ आणून, मध्ये थोडी फट ठेवून, ती त्यांना चिकटपट्टीची बारीक पट्टी गुंडाळत होती. खोक्यातली बाकीची पिल्लं पट्टीसकट धडपडत होती. एकाची पट्टी मात्र सोडलेली होती. ते उठलं, जरासं डगमगलं आणि थेट दाण्यांपर्यंत चालत गेलं.

माईनं ते ओळखलं. पाठीवर काळा ठिपका. परवा तिनंच ते बादलीत टाकलं होतं.

"हे काय चालवलंयस?" ती कडाडली.

सून दचकून उठली. पण पिल्लं लपवायला ती खोक्याकडे वळलीच नाही. ती झेपावली पलंगावरच्या बाळाकडे, आणि सैल सुटलेलं दुपटं घाईघाईनं ओढू लागली. माईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"सर बाजूला," माई म्हणाली. तिनं दुपटं उघडलं.

नातीचा एक पाय मांडीपासून खाली पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये होता. बोटं तेवढी बाहेर होती, गुलाबी, वळवळणारी.

"पाऊल आत वळलेलं आहे, जन्मापासूनच," सून कशीबशी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, लहानपणीच असं बांधत गेलं की सरळ होतं. चालेल ती, माई."

"अगं, मग माझ्यापासून का लपवलंस? मी काय परकी आहे?"

सुनेनं खोक्याकडे पाहिलं.

"तुम्ही आधी पाय बघता, माई. म्हटलं, आधी एक तरी पिल्लू तुमच्यासमोर चालू दे. मग सांगेन."

एवढ्याशा जिवासाठी कुणाला आपली भीती वाटावी! माई पलंगावर टेकली. मग तिनं हात पुसले, प्लॅस्टरखाली तळवा धरला आणि बाळाला अलगद मांडीवर घेतलं. सून हात पुढे करून तशीच उभी होती.

"उभी काय राहिलीस? बादलीतली बाकीची पण घेऊन ये जा," माई म्हणाली. "ही राहील माझ्याकडे."

सून जरा घुटमळली. मग गेली.

बादली घेऊन ती परत आली तेव्हा माईनं दुपटं पायांवर नीट पांघरलं होतं आणि ती बाळाच्या तोंडाकडे बघत बसली होती. आठवडाभर गाठोड्यावर पाळत ठेवण्याच्या नादात तिनं ते तोंड धड पाहिलंच नव्हतं.

"तो खाद्यवाला विचारत होता," मान वर न करता माई म्हणाली. "सांग त्याला. नाक माझ्यावर गेलंय."