ठोक्याचं मडगार्ड

धुळाप्पानं मोटार तांबट गल्लीत घातली आणि खाली उतरायच्या आधीच ओरडला, "मावशी, दोन तासांत एक पोचा निघंल का?"

कमलबाई दारात बसून तांब्याचं घंगाळ ठोकत होती. तिनं मान वर केली. काळी कुळकुळीत मोटार. आरशागत पुसलेली. फक्त पुढच्या उजव्या चाकावरच्या मडगार्डाला परातीएवढा पोचा.

"कुणी लाथ घातली रं हिला?"

"बैलगाडीचा आख लागला. मालक माझे सोलापूरचे वकील. आईच्या दर्शनाला गेलेत. तीन वर्सांत मोटारीला कुणाचं नख लागू दिलं न्हाय त्यांनी, रोज सकाळी सोताच्या रुमालानं पुसत्यात. त्यांनी ह्ये बघितलं की माझी नोकरी तुळजापुरातच संपली."

"मग रांग लांबलचक असू दे म्हणून आईला सांग," कमलबाई म्हणाली आणि हातोडी ठेवून उठली.

पोच्याकडं ती फिरकलीच नाही. पलीकडच्या चांगल्या बाजूला गेली, डोळे मिटले आणि दिव्यावर पंजा ठेवला. पंजा चाकावर चढला, घसरत दारावर आला, तिथनं पुढं जात जात पार मागच्या टोकाला जाऊन विरला. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवावा तसा. एकदा नाही, तीनदा.

"काय हुडकायलाव मावशी? पोचा हिकडं हाय!"

"गप रं. पत्रे चार हायेत, पण वळण एकच हाय. मधी कुठं थांबाच न्हाय बघ. ज्यानं केलं त्याचा हात लई साफ." तिनं डोळे उघडले. "मडगार्ड काढून दे आणि जा देवळाकडं. मालकावर नजर ठेव. माझ्या डोक्यावर उभा ऱ्हायलास तर ठोका चुकंल."

धुळाप्पानं पाना लावून मडगार्ड काढून दिलं आणि देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. तिथनं गल्लीतली ठकठक ऐकू येत होती. आधी लाकडी मोगरीचा जड आवाज, मग हातोडीचा बारीक. आवाज बारीक झाला तसा त्याचा जीव भांड्यात पडला. पोचा निघाला म्हणायचा! खाली रांग बघितली, मालकाचा फेटा तिच्यात अजून बराच मागं दिसत होता. तो खुशीत परत आला.

पोचा गेला होता. काळा रंगही गेला होता.

सगळं मडगार्ड कल्हई करून चांदीसारखं पांढरं, आणि त्याच्यावर ठोकेच ठोके. शेजारच्या घागरीवर होते तसेच.

"मावशी! ह्ये काय केलंव?"

"का? दिसतोय का पोचा?"

"पोचा न्हाय दिसत, बाकी समदं दिसतंय! काळं हुतं ना ते!"

"रंगाचे टवके उडाले. काढून टाकला. आणि बिनठोक्याचं काम ह्या दारातनं भाईर जात न्हाय. निजामाच्या सुभेदाराचं घंगाळ हितंच झालंय. त्यो न्हाय म्हणाला असलं कधी!"

"अवो, घंगाळ न्हाय ही, मोटार हाय!"

"मग नेऊ नको. तसाच जा, उघड्या चाकानं."

धुळाप्पानं डोक्याला हात लावला. करतो काय? त्यानं मडगार्ड जागेवर बसवलं.

शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत गल्ली भरली. दर्शनाहून परतणारी एक म्हातारी वाकून मडगार्डात कुंकू नीट करायला लागली आणि एकदम खिदळली, "आगं बया, माझी किती कपाळं झाली!" मग पोरं घुसली, बाया घुसल्या, ज्याला त्याला आपली शंभर तोंडं बघायची. गर्दीच्या मागनं आवाज आला, "सरका, सरका. गाडी माझी आहे!"

राघवेंद्रराव वकील पुढं आले. हातात नारळ, कपाळावर मळवट. मडगार्ड बघितलं आणि जागच्या जागी थांबले. धुळाप्पानं टोपी काढली.

"कुणी केलं हे?"

"पोचा म्या पाडला, साहेब," धुळाप्पा म्हणाला.

"ते विचारत नाही. हे कुणी केलं?"

"म्या," कमलबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "कुठं खोट असंल तर बोट ठेवून दावा."

वकिलांनी नारळ धुळाप्पाच्या हातात दिला आणि दिव्याजवळ बोट टेकवलं. तिथले ठोके रुपयाएवढे होते. चाकावर चढताना बोराएवढे झाले. दाराकडं उतरताना बारीक होत होत जिऱ्याएवढे, रांग एकसुद्धा न मोडता. मडगार्ड संपलं तरी बोट थांबलं नाही. तसंच काळ्या दारावरनं पुढं गेलं, मागच्या टोकापर्यंत. वकील बोटाबरोबर चालत गेले. मग परत आले आणि पुन्हा एकदा चालत गेले.

धुळाप्पा नारळ छातीशी धरून उभा.

"तीन वर्षं रोज पुसतोय मी हिला," वकील म्हणाले. "हे वळण मला कधी दिसलंच नाही."

"काळ्यात दिसत न्हाय साहेब. ठोक्यानं दिसतं," कमलबाई म्हणाली.

वकील पलीकडच्या बाजूला गेले. तिथलं काळं, गुळगुळीत मडगार्ड त्यांनी खालनं वरनं बघितलं आणि भुवया वर चढल्या.

"आणि ही बाजू अशी टकली का ठेवलीत?"

म्हातारी फसकन हसली. कमलबाईनं भट्टीचा भाता ओढायला घेतला. धुळाप्पाचा मात्र पत्ता नव्हता. नारळ बॉनेटवर पडलेला, आणि त्या काळ्या मडगार्डाखालनं त्याचे नुसते दोन पाय बाहेर आलेले. आत पाना करकरत होता, आणि बाहेर पायांची बोटं नाचत होती.