खरखर

"घ्या तुमचं मशीन परत," सत्तरी उलटलेले काका म्हणाले आणि कानामागचं यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "माझा माणूस यात येत नाही."

कानाची मशीनं बसवणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच. सकाळपासून अकरा जणांना मशीनं लावून झाली होती आणि प्रत्येकाला दहा-दहा वेळा विचारून झालं होतं, "आता ऐकू येतंय?" कान किटले होते त्यांचे. हल्ली घरी नवऱ्याचा चमचा ताटलीवर वाजला तरी त्या खेकसायच्या, आणि मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून स्वतःचाच राग यायचा.

"कोण माणूस, काका?"

"मागं दोनदा सांगितलं. तुम्ही ऐकलंत कुठे? नुसत्या बटणं दाबत होतात."

खोटं नव्हतं ते. दोन्ही वेळा काका म्हणाले होते, वाजवलेलं नीट ऐकू येत नाही. दोन्ही वेळा बाईंनी काँप्युटरवर आवाज थोडा वाढवला, खरखर थोडी कमी केली आणि पुढच्याला हाक मारली. मशीन दिल्याचा आजचा पंधरावा दिवस. आज परत दिलं तर घ्यावं लागणार, असा नियमच होता. घेऊन टाकावं आणि सुटावं एकदाचं, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं.

"मशीनशिवाय येतो का तो माणूस?" तरी त्यांनी विचारलं.

"मशीनशिवाय कुणीच येत नाही. मशीन लावलं की तिघं येतात. चौथा येत नाही."

काकांनी पिशवीतून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पियानो भलतीकडे, ट्रम्पेट भलतीकडे आणि खाली कुणीतरी जाड तारा तोडत बसलेलं. बरं, टेप तरी धड असावी! सगळ्यावर नुसती खरखर.

"काका, हे असंच असतं की टेप बिघडलीय?"

"जाझ आहे हे. असंच असतं." काका पहिल्यांदाच हसले. "मलाही आधी वाटायचं, भांडतायत मेले. सगळं एकदम ऐकायला गेलात तर डोकं उठतं. एकाला धरायचं आणि त्याच्या मागून जायचं. बाकीचे वाटेत भेटतात. मी ट्रम्पेटवाल्याला धरला होता, त्याचा आवाज मोठा. त्याच्या मागून जाता जाता दोन महिन्यांनी चौथा सापडला."

"आणि तो चौथा कोण?"

"धाकटा भाऊ माझा. ड्रम वाजवायचा. काठ्यांनी नाही हं, तारांच्या कुंचल्याने. गोल गोल घासायचा. चाळीस वर्षं वाजवलं त्याने आणि मी एकदाही ऐकायला गेलो नाही. 'काय रे, भांडी घासून झाली का?' विचारायचो. तो आपला हसायचा." काकांनी टेपरेकॉर्डरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली. "गेल्या वर्षी गेला. ही टेप त्याच्या कपाटात मिळाली. आत्ता कुठे त्याला ओळखायला लागलो होतो, तर कानांनी दगा दिला."

मशीन तपासायची रबरी नळी बाईंनी कानांत घातली, दुसऱ्या टोकाला काकांचं मशीन लावलं आणि टेप मागे नेली. ट्रम्पेट स्वच्छ आला. पियानो स्वच्छ आला. खरखरीचा मागमूस नव्हता. काम चोख झालं होतं.

मग त्यांनी नळी काढली आणि तोच तुकडा उघड्या कानांनी ऐकला. यावेळी त्यांनी खरखरीला धरलं. ती एकसारखी नव्हती. पियानो रेंगाळला की रेंगाळायची. ट्रम्पेटवाल्याने दम घेतला की तीही थबकायची, मग त्याला हळूच पुढे घालायची. बाईंनी तो तुकडा पुन्हा लावला. जुनी टेप कधी कुणासाठी थांबत नाही.

दोन्ही वेळा, पगार घेऊन, त्यांनीच त्या कुंचलेवाल्याला पुसून टाकलं होतं.

"काका, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागची खरखर मशीन आपणहून काढून टाकतं. मी ते आणखी वाढवून ठेवलं होतं."

काँप्युटरवर खरखर काढायच्या पर्यायांपुढची एकेक खूण त्यांनी काढून टाकली आणि मशीन स्वतःच्या हाताने काकांच्या कानामागे बसवलं. टेप सुरू केली. "आता ऐकू येतंय?" हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

काका मान खाली घालून बसले होते. मग त्यांचा उजवा तळवा टेबलावर आला आणि सावकाश गोल गोल फिरू लागला.

"आला," ते म्हणाले. "आला की गं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. टेप संपली. बाहेर दोघं जण नंबर लावून बसले होते. बाईंनी टेप मागे नेली आणि पुन्हा लावली.

आतल्या खोलीचं दार उघडून साहेब डोकावले. "अहो बाई, किती खरखर करतंय ते! तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतंय साहेब, आत्ता कुठे येतंय," बाई म्हणाल्या. "खरखर नाही ती. यांचा धाकटा भाऊ आहे."