सात नंबरची बशी

चर्चच्या तळघरात जमलेल्या शेतकऱ्यांत झाकणाची काचेची बशी हातोहात फिरत होती. आत औषध कालवलेलं खाद्य, आणि त्यावर खुशाल वाढलेली राखाडी बुरशी.

"हिला तुमच्या फवारणीनं काही होत नाही," विद्यापीठाची अ‍ॅनिका म्हणाली. "उन्हाळ्यात तुम्ही सोयाबीनची ठिपकेवाली पानं पाठवलीत, त्यांतलीच ही. वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की मरणारी मरते आणि ही उरते."

"मी दरवर्षी नवीन औषध आणतो, पोरी," मागून ड्वेन म्हणाला.

"नाव नवीन. डब्यावरचा गटाचा आकडा बघता का कधी? तो अकराच असतो, म्हणजे औषध तेच."

ड्वेनवर सगळे हसले. व्हर्लिन हसला नाही. बशीवर पानांच्या पाकिटाचा नंबर होता, सात. कुणाचा कुठला नंबर, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सात त्याचा होता.

शेजारी आर्डिस बसली होती. तिचं शेत त्याच्या कुंपणाला लागून. नवरा गेल्यावर दोन हंगाम तिने एकटीने काढले. फवारताना नवऱ्यासारखीच ती औषधाचा फरक कळावा म्हणून मधे एक पट्टी कोरडी सोडायची. ऑगस्टमध्ये तिने व्हर्लिनला बोलावून दाखवलं होतं, पट्टीत आणि पट्टीबाहेर ठिपके सारखेच.

"औषध लागूच पडत नाही रे."

"तू कमी घातलं असशील," तो हसून म्हणाला होता.

ठिपके त्याच्याही पानांवर होते. हवा दमट होती, असं तो सांगायचा. पट्टी त्याने कधीच सोडली नाही. त्याचं रान हमरस्त्याला. कोरडी पट्टी पिवळी पडलेली दिसली असती, तर सकाळी कॉफीला जमणाऱ्यांत महिनाभर तोच चेष्टेचा विषय.

आपल्याला जमत नाही, असं आर्डिसने मनाशी धरलं, आणि शेत खंडाने द्यायचं ठरवलं. व्हर्लिनलाच. सोमवारी सह्या होत्या.

बशी तिच्याकडे आली. तिने ती दिव्याकडे धरली.

"कुणाच्या शेतातली गं बाई ही," म्हणत तिने ती पुढे केली.

व्हर्लिनने बशी घेतली. पुढे दिली नाही.

"माझ्या."

आवाज बारीक होता, पण ड्वेनने मान वळवली.

"तू औषध कमी घातलं नव्हतंस, आर्डिस. आपल्या दोघांच्या रानात हीच असणार. हिला कुंपण कुठलं?"

आर्डिसने टेबलावरची लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे ओढून एक उचलली, अर्धी खाल्ली, बोटं रुमालाला पुसली.

"सोमवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "मीच पेरणार आहे."

"बरं."

"आणि यंदा पट्टी सोड."

त्याने मान हलवली.

"रस्त्याच्या बाजूला," आर्डिस म्हणाली.