वरचं ठाणं

कंडक्टरने घंटी मारली तरी झुंबरबाई खाली उतरल्या नाहीत. त्या सुनेला पोचवायला आल्या आहेत, असंच असोद्याच्या स्टँडवर सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी सीटवर बसून पदर नीट केला.

“सरक व माय. मी बी येते. पाहू दे तुही देवी कुठी बसते ते.”

प्रमिला खिडकीकडे सरकली.

देवी डोंगरावर बसतच नव्हती. झिरीमायचं देऊळ सातपुड्याच्या पायथ्याशी, झऱ्याकाठी होतं. जीप थेट दारापर्यंत जायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी प्रमिला शेजारणींबरोबर नवस फेडायला आली, तेव्हा देवळामागून वर गेलेली पायवाट तिने पाहिली. बायका चुली मांडत होत्या. ती एकटीच वर गेली. माथ्यावर वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडवला. खाली केळीच्या बागा, पलीकडे तापीची चकाकती रेघ, आणि त्याच्याही पलीकडे धुरकट जळगाव. आपलं घर यात कुठे असेल, ते तिला शोधूनही सापडेना. त्याचाच इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली.

घरी परतायला उशीर झाला. विचारणा झाली तेव्हा ती बोलून गेली, “देवीचं मूळ ठाणं वर आहे. तिथं गेल्याशिवाय नवस पुरा होत नाही.”

त्या काळी जळगावच्या कॉलेजातली पोरं पाठीला पिशव्या लावून डोंगर चढायची आणि त्याला ट्रेकिंग म्हणायची. असोद्याच्या सुनेला मात्र डोंगर चढायचा तर देवच लागायचा. खोट्याचं पाप थोडं तरी कमी व्हावं म्हणून पुढच्या खेपेला प्रमिलाने माथ्यावर एक दगड उभा केला आणि त्याला तेल-शेंदूर लावला. आधी वर्षातून एकदा, चैत्रात. मग नवरात्रातही. त्या दोन चढणी पुढे दिसत असल्या की मधली सगळी धुणी, भाकरी, कापसाची वेचणी तिला हलकी वाटायची. यंदा तिने मार्गशीर्षाचंही नाव काढलं. नवरा पंडित आपल्या आईकडे पाहू लागला. आई नुसतं “बरं” म्हणाली.

आता ते “बरं” शेजारी येऊन बसलं होतं. घरी बोलणी बसली असती, तर तिने ती खाल्लीही असती. पण डोंगर बंद झाला असता.

यावलला बस सोडून धरलेल्या जीपमधून उतरल्यावर समोरच देऊळ. झुंबरबाईंनी दर्शन घेतलं, ओटी भरली आणि पुजाऱ्याला विचारलं, “वरच्या ठाण्याले कोणती वाट जाते, भाऊ?”

“वरचं ठाणं?” पुजारी हसला. “बाई, देवी इथंच आहे. वर काही नाही. वर नुसता वारा.”

 झुंबरबाईंनी एकदा प्रमिलाकडे पाहिलं, एकदा पुजाऱ्याकडे.

“तू कधी गेला व्हता का वर?”

“मी कशाला जाऊ?”

“मंग चूप बस.”

त्यांनी नऊवारीचा ओचा वर खोचला. “चाल व.”

“आत्याबाई, तुमचे गुडघे...”

“माहे गुडघे मी पाह्यीन. तू पुढं हो.”

प्रमिला पुढे झाली. सागाची पानं पायाखाली करकरत होती. दर वळणावर तिला वाटे, आता सांगून टाकावं. पण मागे वळून पाहिलं की झुंबरबाईंचा चेहरा लाल झालेला आणि डोळे लकाकत असलेले. वाट फुटली तिथे प्रमिला डावीकडे वळली, तर मागून हाक आली, “तिकडं काटे हायेत. इकून चाल.” सुनेने मुकाट्याने ऐकलं. भीतीने तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. एका खडकाशी सासूने हात पुढे केला. सुनेने तो धरून ओढलं. दोघी धडपडत वर आल्या आणि झुंबरबाई लहान पोरीसारख्या खिदळल्या. प्रमिलाने सासूला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

माथ्यावर तसाच वारा होता. झुंबरबाईंचा पदर खांद्यावर आला. त्यांनी तो सावरला नाही. कितीतरी वेळ त्या तापीकडे पाहत उभ्या राहिल्या.

शेवटी त्यांची नजर प्रमिलाच्या शेंदरी दगडावर गेली. त्या वाकल्या, हात जोडले. आता मात्र प्रमिलाला राहवेना.

“आत्याबाई, ही देवी नाही. मीच मांडला हा दगड. मला वर यायचं असतं म्हणून. तुम्ही काय बोलायचं ते बोला, पण मला यायचं बंद करू नका.”

झुंबरबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी काढली. पण प्रमिलाच्या दगडाला त्यांनी हात लावला नाही. त्या पुढे गेल्या, कड्याजवळच्या करवंदीच्या जाळीत वाकल्या आणि दोन्ही हातांनी वाळलं गवत उपसू लागल्या. आत एक काळा दगड होता. त्याच्या खाचांत जुना, करपलेला शेंदूर अजून दिसत होता.

“येय, धर ही बाटली,” त्या म्हणाल्या. “तुही देवी ती. मी माह्या सासूले सांगलेली ही.”