घराचं नाक

सासूबाईंच्या अंगाखालची ओली चादर ओढताना संघप्रियाच्या नाकात उग्र भपकारा शिरला आणि तिचा हात जागीच थांबला. गेलं वर्षभर तिला कसलाच वास आला नव्हता.

"का गं थांबलीस?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पाठीत लचक भरली जरा, आत्ती." तिनं चादर गुंडाळून बादलीत टाकली.

अर्धांगवायूनं अंथरूण धरलं तेव्हा शेवंताबाई सुनेला जवळ फिरकू देत नव्हत्या. "माझी घाण तू काढायची न्हाईस," म्हणायच्या आणि मुलगा शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामावरनं घरी येईपर्यंत तशाच ओल्यात पडून राहायच्या. पाठीला जखमा झाल्या.

मग कोरोना आला. संघप्रियाला ताप नव्हता, नाकही चोंदलं नव्हतं. पण एका सकाळी बुद्धमूर्तीपुढच्या अगरबत्तीचा वासच येईना. "असा अचानक वास जाणं हीच खूण असते," म्हणत डॉक्टर मॅडमनी लगेच तपासणी करायला लावली. ती वेळीच वेगळी राहिली, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. ती बरी झाली, वास मात्र परतला नाही.

"गॅस सुटला, अन्न नासलं, तुम्हाला कळणार नाही. घरात कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," मॅडमनी बजावलं.

तिनं ते घरी सांगितलं. शेवंताबाईंनी मान तिच्याकडं वळवली.

"कसलाच वास येत न्हाई तुला?"

"न्हाई, आत्ती."

"मग बदल माझं लुगडं."

हळूहळू जखमा सुकल्या. आणि पडल्या पडल्या शेवंताबाई घराचं नाक झाल्या. "भात लागला गं!" "आमटी आंबलीया, टाकून दे!" खोल गेलेला आवाज पार गल्लीत ऐकू जायला लागला. एकदा गॅस सुटल्याचंही त्यांनीच ओरडून सांगितलं.

चादरीचा भपकारा आला त्याच दिवशी दुपारी डॉक्टर मॅडमनी लवंगेची बाटली संघप्रियाच्या नाकाशी धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आला की वास! सासूबाईंना सांगा, खूश होतील."

ती हसून उठली. वाटेत तिनं कोथिंबिरीची जुडी घेतली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत हुंगत आली. तिथं जुडी तिनं पिशवीत तळाशी घातली.

"काय म्हणाल्या गं मॅडम?" ती दारात येताच शेवंताबाईंनी अंथरुणातनं विचारलं.

"अजून येळ लागंल म्हणाल्या."

शेवंताबाईंनी उशीवरचं डोकं जरासं उचललं.

"लागू दे की. तवर मी हाय न्हवं!"