नव्या पट्ट्या

पुतण्याला मिळायच्या होत्या तीन खोल्या, मागचं अंगण आणि पाण्याची टाकी. आड येत होती फक्त काकू. काकूंना मरायची घाई नव्हती, म्हणून त्याने स्वस्तातला मार्ग धरला. म्हातारीला भास होतात, असा कागद करायचा आणि तिला आश्रमात पोचवायचं.

निम्मा कागद झालाही होता. काकू सांगायच्या, झोपायच्या खोलीतला दिवा फडफडतो. पुतण्या डॉक्टरांना घेऊन आला त्या दिवशी दिवा देवासारखा शांत. डॉक्टरांनी लिहिलं, ‘नसलेल्या गोष्टी दिसतात. यांच्या सांगण्यावर विसंबू नये.’ दुसरी तपासणी पंधरा दिवसांनी ठरली.

मंगळवारी दिवा पुन्हा फडफडू लागला, तेव्हा काकूंनी वायरमनला बोलावलं. तो काकांच्या हाताखाली शिकलेला. काकांना जाऊन सहा वर्षं झाली तरी या घरात येताना चपला बाहेर, आवाज खाली.

त्याने बल्ब बदलला. फडफड तशीच. होल्डर पाहिला, बटण उघडून पाहिलं. मग मेन बंद केलं आणि शिडी घेऊन न्हाणीच्या वरच्या माळ्यावर चढला. तिथे पाण्याच्या लोखंडी पाइपाला खेटून झोपायच्या खोलीच्या तारांच्या जोडाची डबी होती. माळ्यावर बोटभर धूळ, डबीचं झाकण मात्र लख्ख.

“वहिनी, इथला स्क्रू ढिला आहे. आपोआप झालेला नाही. कुणीतरी सोडलाय.”

“कोण सोडणार? घरात मी आणि पाली.”

“पुतण्या येतो ना दर रविवारी?”

“येतो बिचारा. मला टीव्हीसमोर बसवतो आणि टाकी बघायला माळ्यावर चढतो.”

वायरमन माळ्यावरून खाली वाकला. “पोलिसांत चला. मी सांगतो.”

“आणि माझं कोण ऐकेल? माझ्या तोंडाला डॉक्टरांनी कुलूप घातलंय. तू स्क्रू आवळ आणि गप्प बस.”

त्याने आवळला. निघताना काकूंनी त्याला मीटरच्या बोर्डापाशी थांबवलं. “एवढं एक कर. यांनी लावलेल्या पट्ट्या गळून पडल्या. कुठलं बटण कशाचं, नव्याने लिहून दे. माझा हात थरथरतो.”

“एकेक पाडून बघतो आणि लिहितो.”

“तीस वर्षं त्यांची शिडी धरलीय मी. मला शिकवतोस?”

वायरमन ओशाळला. काकू सांगत गेल्या, तो लिहीत गेला. दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली. ठळक, सुवाच्य अक्षर. काकाही पट्ट्या अशाच लिहायचे.

रविवारी पुतण्या आला. “काय काकू, दिवा काय म्हणतो?”

“शहाण्यासारखा जळतोय रे.”

पुतण्याचा चेहरा किंचित उतरला. शुक्रवारी डॉक्टर यायचे होते. त्याआधी म्हातारीने चार शेजाऱ्यांपुढे दिव्याबद्दल ओरडायला हवं होतं. त्याने टीव्ही लावून दिला. “बसा निवांत. मी टाकी बघतो.”

पुतण्या सावध माणूस. मेन पाडलं तर टीव्ही जाईल आणि काकू उठतील, म्हणून तो एकाच खोलीचं बटण पाडायचा. आठवणीवर कधी जायचा नाही, पट्टी वाचायचा. नव्या पट्ट्या त्याने दोनदा वाचल्या. ‘झोपायची खोली’चं बटण खाली पाडलं, शिडी चढला, तोल जाऊ नये म्हणून एका हाताने पाइप धरला आणि दुसरा डबीतल्या स्क्रूकडे नेला.

स्वयंपाकघरात घरघरणारा फ्रिज बटण पडल्याबरोबर गप्प झाला होता. काकूंनी टीव्हीचा आवाज जरा वाढवला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी वायरमनला बोर्डासमोर उभं केलं.

“अक्षर कुणाचं?”

“माझं. पण वहिनींनी सांगितलं तसं लिहिलं.”

साहेबांनी डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे धरला. “या बाईंच्या सांगण्यावर? तपासून न बघता?”

वायरमनने काकूंकडे पाहिलं. काकू छताच्या दिव्याकडे बघत होत्या.

“फडफडतोय ना रे तो?” त्यांनी साहेबांना विचारलं.

दिवा स्थिर जळत होता. साहेबांनी मान हलवली आणि वायरमनला गाडीत बसवलं.

पुतण्याचा जीव गेला. वायरमनचं लायसन्स गेलं आणि आयुष्यातली दोन वर्षं. घर मोकळं झाल्यावर काकूंनी कपाटातून पाकीट काढलं. काकांच्या हातच्या जुन्या पट्ट्या, एकही फाटलेली नाही, अक्षर तसंच ठळक. त्यांनी त्या न थरथरत्या हाताने जागच्या जागी चिकटवल्या. त्यांना खर्च आला तो थोड्या डिंकाचा.